नव्या कापडाने हाताला पुरळ येते. वाकळ शिवणे सोडावे का?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय सेहेचाळीस असून त्या पंधरा वर्षे वाकळा शिवत आहेत. त्याआधी काही वर्षे त्यांनी काजूच्या कारखान्यात काम केले होते. गेल्या दोन वर्षांपासून नवे कापड कापून शिवायला घेतले की एक-दोन दिवसांत बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर खाज सुटते व पुरळ उठते. कापडाच्या दुकानातील वासाने डोके दुखते आणि घशात खवखवते. आता सून बाळंतपणाला येणार आहे आणि पहिल्या नातवंडासाठी स्वतःच्या हाताने वाकळ शिवावी अशी त्यांची इच्छा आहे. शिवणे सोडून द्यावे का, आणि आपल्याला होणारा त्रास बाळालाही होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, शिवणे सोडू नका. मात्र घरात पडलेले कापड उचलून लगेच सुरुवातही करू नका. मी बेळगावच्या शहापुरात तीसहून अधिक वर्षे वाकळा शिवते आहे आणि त्यातील बऱ्याच वाकळा दमा, इसब किंवा वासाचा त्रास असलेल्या माणसांसाठी शिवल्या आहेत. या कामातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कापसाच्या तंतूचीच ॲलर्जी फार क्वचित आढळते. त्रास देतात त्या तंतूवर चढवलेल्या, त्यात मुरलेल्या किंवा बाहेरून येऊन त्यावर बसलेल्या गोष्टी. त्यात रंग, सुरकुती न पडण्यासाठी लावलेले रसायन, खळ, साबणाचा अंश, अत्तर, डांबरगोळी, बुरशी, शेतातील औषध असे काहीही असू शकते. म्हणून तुम्हाला कापडाची नव्हे, तर त्या कापडाच्या हकिकतीची चौकशी करायची आहे.

तुमच्या पत्रात दोन वेगळे त्रास एकत्र आले आहेत. पुरळ हा त्वचेचा त्रास आहे. नुसत्या घासण्याने, सतत ओल्या हातांमुळे किंवा साबणामुळे त्वचा चिडली असेल, तर जळजळ बहुधा लवकर सुरू होते आणि जिथे स्पर्श झाला तेवढ्याच भागात राहते. खरी स्पर्श-ॲलर्जी उशिरा दिसते. ती एक ते चार दिवसांनी उठते, तिला खाज फार असते आणि ती स्पर्शाच्या जागेबाहेरही पसरू शकते. तुमचे वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळते. हा उशीरच माणसाला फसवतो, कारण सोमवारी हाताळलेल्या कापडाचे पुरळ बुधवारी उठते आणि आपण बुधवारी हातात असलेल्या कापडाला दोष देतो. दुकानातील डोकेदुखी हा याहून निराळा विषय आहे, त्याकडे मी पुढे वळते.

तुम्ही काजूच्या कारखान्यात होता हे वाचून मी थांबले. काजूच्या टरफलातील तेलाने तेव्हा तुमचे हात सोलून निघत असतील किंवा त्यावर फोड येत असतील, तर बिब्ब्यापासून तुम्ही विशेष जपले पाहिजे. काजू, बिब्बा आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. त्यांच्या चिकात आणि तेलात एकमेकांशी मिळतीजुळती द्रव्ये असतात, त्यामुळे एकाची ॲलर्जी झालेल्या माणसाला दुसऱ्याचीही बाधा होऊ शकते. वाकळीचा आणि बिब्ब्याचा संबंध काय, असे वाटेल. आपल्याकडे परीट लोक कपडे ओळखू यावेत म्हणून कोपऱ्यात बिब्ब्याने खूण करीत. ती खूण धुण्याने जात नाही आणि तिच्यातील बाधक द्रव्य कपडा अनेकदा धुतला तरी उरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर अशा खुणांमुळे फोड उठत होते, आणि डॉक्टरांनी त्या विकाराला परटाच्या खुणेवरूनच नाव दिले होते.

मी स्वतः हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. एका घरासाठी मी जुन्या धोतरांची वाकळ शिवून दिली होती आणि त्यातील दोन धोतरे बोहारणीकडून घेतलेली होती. महिनाभराने त्या घरातील मुलगी आली. तिच्या उजव्या खांद्याजवळ रुपयाएवढा लाल, पाणी सुटलेला चट्टा होता. तो बरा होत असे आणि पुन्हा त्याच जागी उठत असे. मी वाकळ उन्हात पसरली आणि ती ज्या बाजूला डोके करून झोपते ती कड बोटाने चाचपत गेले. एका ठिगळाच्या कोपऱ्यावर, अर्धवट शिवणीखाली गेलेली, दोन रेघा आणि एक टिंब अशी काळपट तपकिरी खूण होती. शिवताना मला ती शाईची वाटली होती. ते ठिगळ उसवून काढले, त्या जागी दुसरे लावले, आणि चट्टा पुन्हा उठला नाही. त्यानंतर जुन्या कापडाचे चारही कोपरे उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी कात्री लावत नाही. खूण दिसली तर तिच्याभोवतीचा वीतभर भाग कापून टाकते. तुमच्या जागी मी असते तर ते सबंध कापडच सोडून दिले असते.

आता नव्या कापडाविषयी. सुरकुती न पडणारे, इस्त्री न लागणारे सुती किंवा मिश्र कापड ज्या राळेने तसे बनवतात, त्यातील पुष्कळ राळा फॉर्माल्डिहाइडवर, म्हणजे त्वचेला ॲलर्जी करू शकणाऱ्या एका झोंबऱ्या रसायनावर, आधारलेल्या असतात. मोकळे राहिलेले फॉर्माल्डिहाइड धुण्याने बरेच निघते, पण राळ तंतूला धरून बसलेली असते आणि उष्णता, घाम व दमट हवा यांमुळे ती थोडे थोडे फॉर्माल्डिहाइड पुन्हा सोडते. गरम वाफेची इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरतात त्याचे हेही एक कारण असू शकते. जपानने १९७० च्या दशकातच यावर कायदा केला. चोवीस महिन्यांखालील बाळांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड जवळजवळ सापडताच कामा नये, आणि मोठ्यांच्या अंगाला लागणाऱ्या कपड्यांत ते दहा लाख भागांत ७५ भागांपेक्षा जास्त असू नये, असा तो दंडक आहे. आपल्या बाजारातील तागा हातात घेऊन आपल्याला आकडा कळत नाही, पण कापड मुठीत घट्ट चुरगाळून सोडल्यावर ते लगेच सपाट होत असेल, तर ते सुती असले तरी माझ्या कामाचे नाही. अंगच्या गुणाने सुती कापड चुरगळते, आणि चुरगळणारे कापडच तुम्ही घ्यावे.

एक घरगुती परीक्षा मी करते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत दोन बोटे पाणी घालून त्याच्या वर, पाण्याला न टेकेल असा कापडाचा तुकडा दोऱ्याने टांगते, झाकण घट्ट लावते आणि बरणी दिवसभर उन्हात ठेवते. संध्याकाळी झाकण उघडल्यावर नाकात झोंबणारा वास आला तर ते कापड बाद. वास आला नाही म्हणून रसायन मुळीच नाही असे ठरत नाही, पण वाईट कापड यातून लवकर पकडले जाते. तुम्ही स्वतः झाकण उघडू नका. घरातील दुसऱ्या कोणाला उघडायला सांगा.

रंगांच्या बाबतीत लोकांची समजूत बरोबर उलटी असते. ‘जुनी साडी म्हणजे निर्धोक’ हे आपल्या आजीच्या काळी खरे होते, कारण तेव्हाचे लुगडे सुती असे आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यातील सुटणारे सगळे सुटून गेलेले असे. आज आपण जिला जुनी साडी म्हणतो ती बहुधा जॉर्जेट किंवा तत्सम सिंथेटिक असते. पॉलिएस्टर, नायलॉन व ॲसिटेट ज्या डिस्पर्स रंगांनी रंगवतात, ते रंग तंतूशी रासायनिक रीत्या जोडलेले नसतात आणि घामाने व घर्षणाने त्वचेवर उतरतात. कापडाच्या रंगाची स्पर्श-ॲलर्जी होते तेव्हा बहुतेक वेळा हेच रंग कारण असतात, आणि त्यांतही गडद निळे व काळे जास्त. केसांचा काळा कलप किंवा काळी मेंदी ज्यांना बाधते त्यांच्यापैकी काहींना या रंगांपैकी काही रंगही बाधतात, म्हणून तसे कधी झाले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. सुती कापडाचे रंग निराळ्या जातीचे असतात. त्यांतील चांगल्या प्रतीचे रिॲक्टिव्ह रंग तंतूला पक्के जोडले जातात आणि नीट धुतल्यावर फारसा त्रास देत नाहीत.

कापड सुती की मिश्र हे ओळखायला कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ राखाडी राख ठेवतो. पॉलिएस्टर वितळत जळतो आणि शेवटी टणक काळा मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही दिसते. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा. आपल्याकडील जुन्या इरकली साडीत अंग सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असे पुष्कळदा असते, तेव्हा पदर आणि काठ कापून बाजूला ठेवावेत व अंगाचेच कापड वाकळीला घ्यावे. अलीकडच्या स्वस्त इरकलीचे अंगही सुती असेलच असे नाही. खणाचे कापड दिसायला फार देखणे, पण बाळाच्या वाकळीत ते नको.

नैसर्गिक रंगाचे कापड घ्या असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो सरसकट मानू नका. हळद आणि कुंकू कपाळाला बाधणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि जे कपाळाला बाधते ते वाकळीतूनही बाधू शकते. न रंगवलेला कोरा मांजरपाट हा माझ्या मते सगळ्यांत सुरक्षित पर्याय आहे.

जुन्या कापडाची हकीकत विचारताना आपल्या भागापुरते तीन प्रश्न मी नेहमी विचारते. पहिला, हे कापड शेतात फवारणीच्या वेळी अंगावर होते का? ऊस, भाजी किंवा कापसावर औषध मारताना घातलेला सदरा कितीही स्वच्छ दिसला तरी तो वाकळीत जाणार नाही. दुसरा, हे तंबाखूच्या कामात वापरलेले आहे का? निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बायकांच्या साड्यांत ती धूळ आणि वास खोल मुरलेला असतो, आणि वासाचा त्रास असलेल्या माणसाला तो अनेक धुण्यांनंतरही जाणवतो. तिसरा प्रश्न वाळवण्याच्या जागेचा. बांधावर, कुंपणावर, काँग्रेस गवताच्या शेजारी कपडे वाळत घातले, तर त्या गवताचे परागकण आणि सुकलेल्या पानांचा चुरा कपड्यावर बसतो. या गवताने चेहरा, मान आणि हात यांवर जुनाट इसब होते, हे आपल्या शेतकऱ्यांत काही नवे नाही. पुण्याजवळ १९५० च्या दशकात प्रथम नोंदलेले हे गवत आज आपल्या प्रत्येक पडीक जागेत आहे. तुमच्या अंगणाबाहेर ते असेल तर फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायला कोणाला तरी सांगा. तुम्ही स्वतः उपटू नका.

धुण्याची रीत सांगते. कोऱ्या मांजरपाटाला मागावर धागा तुटू नये म्हणून खळ दिलेली असते, आणि ती खळ धूळ व बुरशी दोहोंना आवडते. कापड आधी रात्रभर साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवावे. सकाळी ते पाणी गढूळ आणि किंचित बुळबुळीत झालेले असते, ते फेकून द्यावे. मग उकळते पाणी आणि नळाचे पाणी निम्मे निम्मे मिसळले की साठ अंशांच्या आसपासचे पाणी मिळते. त्यात बिनवासाचा साबण किंवा रिठ्याचे गाळलेले पाणी घालून कापड धुवावे. रिठ्याची कोरडी पूड उडू देऊ नका, तिने शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात. नंतर निदान तीन वेळा खळबळावे, आणि शेवटचे पाणी तळहातावर घेऊन पाहावे: फेस नको, रंग नको, बुळबुळ नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका कापडात अडकून बसतो, म्हणून शेवटचे खळबळणे शक्य असेल तर विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्यात करावे. नीळ, खळ, सुगंधी कंडिशनर यांपैकी काहीही घालू नये. सोडा किंवा व्हिनेगर घातल्याने फॉर्माल्डिहाइड ‘मरते’ असे सांगतात, त्यावर विसंबू नका. जे निघते ते पाण्याने आणि पुन्हापुन्हा धुण्याने निघते. नवे कापड मी अशा रीतीने तीनदा धुते आणि मध्ये प्रत्येक वेळी पूर्ण वाळवते.

सुई-दोऱ्याकडेही पाहा, कारण कधीकधी आपण कापडाला दोष देत बसतो आणि दोषी बोटातच असतो. टाचण्या, सेफ्टी पिना आणि बोटात घालायची अंगुस्तानाची टोपी यांवर पुष्कळदा निकेलचा मुलामा असतो. खोट्या दागिन्यांनी कान किंवा मनगट चिघळत असेल तर निकेलचा संशय धरावा आणि चामड्याची टोपी वापरावी. दोरा सुती घ्या. स्प्रेचा गोंद, इस्त्रीने चिकटणारे अस्तर आणि आपोआप उडून जाणाऱ्या खुणेची पेने या गोष्टी तुमच्या घरात येऊ नयेत. जाड धाग्याचे कच्चे टाके आणि साधा खडू पुरेसा आहे.

आता वासाचा त्रास. पुष्कळ लोक याला मनाचे खेळ म्हणून झटकतात, ते मला पटत नाही. वासाने डोके दुखणे, मळमळणे, घसा धरणे हा त्रास खरा असतो. तो नेमका कसा घडतो याविषयी डॉक्टरांत एकमत नाही आणि पुरळासारखी त्याची सरळ तपासणी नाही, इतकेच. म्हणून येथे उपाय एकच, वासाच्या जागी न जाणे. दुकानात तुम्ही जाऊ नका. मुलाला किंवा शेजारणीला पाठवा, मीटरभरच कापड आणवा, ते थेट ओट्यावर ठेवा, आणि दुसऱ्या कोणीतरी पहिले धुणे करीपर्यंत घरात आणू नका. त्यानंतर आठ-दहा दिवस ते वाऱ्यावर सावलीत टांगा. मी शिवायला मागच्या पडवीत बसते, कारण बंद खोलीत इस्त्री आणि शिवण एकत्र करणे मलाही सोसत नाही. छाती भरून येणे, श्वासात घरघर, ओठ किंवा जीभ सुजणे असे काही झाले तर मात्र ते वासाचे म्हणून सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

धुळीचा विषय खानापूरच्या पावसात वेगळाच होतो. जून ते सप्टेंबर वाकळी नीट वाळतच नाहीत, आणि अंथरुणातील डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे दमट हवेतच वाढतात. ते ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात मरतात. नुसत्या थंड पाण्याने त्यांची विष्ठा निघते, किडे उरतात. म्हणून दम्याच्या घरात कापूस भरलेली जाड वाकळ मी शिवून देत नाही. नदाफांकडून पिंजून आणलेला कापूस ऊब फार छान देतो, पण तो बादलीत धुता येत नाही आणि पिंजताना उडणारी धूळ छातीला वाईट. जुन्या सुती कापडाचे दोन किंवा तीन थर, दीड किलोपेक्षा कमी वजन, आणि एका बाईला पिळता येईल अशी लांबी ठेवा. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यातील कडक उन्हात ती एकदा गरम पाण्याने धुऊन ठेवा. आपल्याच खानापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यातील सिद्दी समाजातील बायका कवंदी नावाची वाकळ शिवतात, कडेपासून सुरू करून आत मध्याकडे टाके घालत जातात आणि कोपऱ्यांत घड्यांची फुले बसवतात. ती कला मला फार आवडते, पण त्यात तुकडे एकावर एक चढत जातात, त्यामुळे मधलाच एक तुकडा काढणे अवघड होते. तुम्हाला तुकडे काढता येण्यासारखे हवेत. म्हणून वीतभर चौकोन स्वतंत्रपणे दुमडून शिवा, आणि सबंध वाकळीत दोन-तीन कापडांपेक्षा जास्त घेऊ नका. दहा घरांच्या चिंध्या घेतल्या तर दहा घरांच्या हकिकती तपासाव्या लागतात.

बाळाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाचे सांगते. आईची ॲलर्जी किंवा आजीची ॲलर्जी बाळाला तशीच उतरत नाही, तरी बाळाची त्वचा पातळ असते, म्हणून वरची खबरदारी पूर्ण घ्यावी. पण डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढलेले कापड बाळाजवळ अजिबात जाऊ देऊ नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असते, आणि अशा बाळाला डांबरगोळीच्या वाफेने तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. नुसते उन्हात घातले म्हणजे झाले असे समजू नका. बाळासाठी ज्या ट्रंकेत कधी डांबरगोळी गेली नाही असेच कापड निवडा. शिवलेली वाकळ कोरड्या सुती पिशवीत ठेवा. आणि ती बाळाच्या अंगाखाली पातळ घडीने अंथरा. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरू नका, ती तोंडावर येऊ शकते.

शेवटी तपासणी. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, तोवर पाठ भिजवायची नसते. बेळगावात बिम्स आणि के.एल.ई. या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. ही चाचणी कोणत्या दिवशी होते ते आधी विचारून जा. जाताना ज्या कापडांचा संशय आहे त्यांचे न धुतलेले तुकडे, तुमचा दोरा, टाचणी आणि टोपी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून न्या आणि काजूच्या कामाचेही सांगा. तोवर घरी एवढे करता येईल: तीनदा धुतलेल्या मांजरपाटाचा दोन बोटे रुंद तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला सैल बांधून रात्री झोपा, असे चार रात्री करा आणि पुढचे तीन दिवस त्या जागेकडे पाहत राहा. हातावर आत्ता पुरळ असेल तर ते पूर्ण बरे होईपर्यंत ही परीक्षा करू नका, कारण चिडलेली त्वचा कशालाही चिडते.

मांजरपाट सोसला तर पहिली वाकळ त्याचीच शिवा, आत तुमच्या स्वतःच्या, तुम्हीच धुतलेल्या एका सुती साडीचा थर घाला. वापरलेल्या प्रत्येक कापडाचा आणि दोऱ्याचा एक तुकडा पाकिटात ठेवून त्यावर ते कुठून आले, किती वेळा धुतले आणि तारीख लिहा, आणि ते पाकीट वाकळीबरोबर सुनेकडे द्या.